पोराच्या हातात फोन आपलाच असतो : घरातलं इंटरनेट सेफ कसं करायचं, एकेक स्टेप

मुलांच्या इंटरनेट सेफ्टीवर जे काही वाचायला मिळतं ना त्यात असं धरूनच चालतात की पोराचा स्वतःचा फोन आहे, स्वतःचा टॅब आहे, स्वतःची खोली आहे. आपल्या सोलापुरात अशी किती घरं आहेत सांगा बरं. विडी घरकुलात बघा, अशोक चौकाकडं बघा, अगदी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये बघा, पोरगं दुपारी आजीच्या फोनवर असतं, संध्याकाळी आईच्या, आणि बाबा लूमवरनं नाहीतर एमआयडीसीतनं आले की त्यांच्या फोनवर. त्याच फोनमध्ये शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्याच फोनमध्ये बँक, गॅस बुकिंग, बचत गटाचे मेसेज आणि त्याच फोनमध्ये फ्री फायर. म्हणून मी उलटीकडनं सुरू करतेय, आधी मोठ्यांचे फोन नीट करायचे आणि मग पोराकडं वळायचं.

एक सुरुवातीलाच सांगते, सेटिंगची नावं प्रत्येक कंपनीच्या फोनात थोडी वेगळी असतात, त्यामुळं मी सांगितलेल्या ठिकाणी नाही सापडलं तर सेटिंग उघडून वरच्या सर्चच्या पट्टीत ते नाव टाका. आणि हे सगळं एका दिवसात करायला बसू नका, वैताग येतो आणि अर्धवट राहतं.

पहिलं काम पैशाचं

आपल्याकडं आजीला गुगल पे चालवायला कोण शिकवतं? नातूच. भाजीवाल्याला स्कॅन कोण करून देतं? तोच. म्हणजे यूपीआय पिन त्याला तोंडपाठ असतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. तर आज पिन बदला, आणि नवीन पिन टाकताना मुलांना सरळ सांगून टाका की इथनं पुढं हा आकडा फक्त मोठ्यांचा, स्कॅन तू कर, पिन मी टाकणार.

दुसरं म्हणजे यूपीआय लाइट. हे लय लोकांना माहीतच नसतं. लाइट चालू असेल तर छोटी पेमेंट पिन न मागता जातात. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्याची मर्यादा वाढवून एका वेळी १,००० रुपये आणि लाइटमध्ये एकूण ५,००० रुपये केली. रिक्षा, चहा, भाजीला भारी सोय आहे, पण जो फोन दिवसभर पोरांच्या हातात असतो त्यात ती बंदच बरी, नाहीतर शंभर-दोनशेच ठेवा. तिथंच ऑटोपे नावाचा भाग असतो तोही उघडून बघा, कुठल्या अ‍ॅपला दर महिन्याला पैसे कापायची परवानगी दिली गेलीय ते दिसतं, नको ती रद्द करा.

मग प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यात आपला फोटो, सेटिंग, आणि तिथं खरेदीच्या व्हेरिफिकेशनचा पर्याय असतो, तो ‘प्रत्येक खरेदीला विचारा’ असा ठेवा. त्याच सेटिंगमध्ये फॅमिली, त्यात पॅरेंटल कंट्रोल्स. चालू करून पिन द्या (यूपीआयचाच पिन परत इथं नको) आणि गेम-अ‍ॅपसाठी वय निवडा, ३+, ७+, १२+, १६+ असं असतं. एवढ्यानं आधीपासून फोनमध्ये असलेली अ‍ॅप जात नाहीत हं, ती हातानंच काढावी लागतात.

आणि प्ले स्टोअरच्या बाहेरची अ‍ॅप. लग्नाची पत्रिका म्हणून येणारी फाइल, गाडीचं चलन म्हणून येणारी फाइल, गेममधले डायमंड फुकट देतो म्हणून येणारी फाइल. नावाच्या शेवटी एपीके असलं की ते अ‍ॅप असतं, पत्रिका नसते. अशी अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागतात आणि मग ओटीपी परस्पर तिकडं जातो. सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधा, तिथं व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, टेलिग्राम, फाइल मॅनेजर सगळ्यांना नकार ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपमधली घाण गॅलरीत येऊ देऊ नका

मुलं वाईट व्हिडिओ शोधायला जातात असं आपण समजतो. माझं स्पष्ट मत आहे, लहान पोरांना पहिला नको तो व्हिडिओ बऱ्याचदा बाबांच्या नाहीतर काकाच्या गॅलरीत दिसतो, कारण मित्रांच्या ग्रुपवर आलेलं सगळं आपोआप उतरतं. अ‍ॅक्सिडेंटचे व्हिडिओ, मारामारीचे, आणि ते दुसरे. सांगायला लाज वाटते म्हणून हा विषय कुणी काढत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, तिथं मीडिया ऑटो-डाउनलोडमध्ये मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग तिन्हीकडच्या खुणा काढा. मग सेटिंगमध्ये चॅट्स, तिथं मीडिया व्हिजिबिलिटी बंद. आता नवीन आलेलं गॅलरीत दिसणार नाही, जुनं मात्र बसून साफ करा. ज्या ग्रुपवर असलं येतंच येतं त्या चॅटला चॅट लॉक लावा, किंवा ग्रुप सोडा की सरळ, काय अडलंय.

तिथंच प्रायव्हसीमध्ये ग्रुप्स, ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा, म्हणजे अनोळखी माणूस कुठल्या ट्रेडिंगच्या नाहीतर भलत्या ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. प्रायव्हसीतच कॉल्स, अनोळखी नंबरचे कॉल सायलेंट. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. आणि महिन्यातनं एकदा लिंक्ड डिव्हायसेस बघा, भलत्याच कुणाच्या कंप्युटरवर आपलं व्हॉट्सअ‍ॅप चालू नाही ना.

फोन हातात देताना

सात-आठ वर्षांच्या आतलं पोरगं असेल तर अ‍ॅप पिनिंग पुरतं. सेटिंगमध्ये सिक्युरिटीच्या भागात ‘अ‍ॅप पिनिंग’ चालू करा, त्याच्याखाली ‘अनपिन करताना पिन विचारा’ तेही चालू करा. मग जे अ‍ॅप द्यायचं ते उघडा, रिसेंटच्या स्क्रीनवर जा, अ‍ॅपच्या आयकॉनवर दाबा आणि पिन करा. पोरगं त्या एका अ‍ॅपमधनं बाहेर पडू शकत नाही. आजीला हे एकदा शिकवा, दोनदा विसरेल, तिसऱ्यांदा ती बाकीच्यांना शिकवेल.

थोडी मोठी मुलं असली तर फोनमध्ये वेगळा कप्पा करून द्या. शाओमीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये सेकंड स्पेस असतं, रियलमी-ओप्पोमध्ये किड स्पेस, सॅमसंगमध्ये सॅमसंग किड्स. काहीच नसेल तर निदान अ‍ॅप लॉक लावून बँक, यूपीआय, गॅलरी आणि मेसेज एवढं तरी बंद करा. मेसेज विसरू नका, ओटीपी तिथंच येतात.

यूट्यूब, आणि टीव्ही तर अजिबात विसरू नका

नऊ-दहा वर्षांपर्यंत यूट्यूब किड्स. त्यात वयाचे गट आहेत, चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ, नऊ ते बारा, पण माझ्या मते सगळ्यात कामाचा पर्याय चौथा, स्वतः मंजूर करायचा, म्हणजे आपण निवडलेले चॅनेल आणि व्हिडिओ तेवढेच दिसतात आणि सर्च बंद. अर्धा तास घालवून वीस-पंचवीस चॅनेल निवडा. आपल्याकडं घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी आणि गेममध्ये हिंदी असा कारभार, त्यामुळं आपल्याला समजणाऱ्या भाषेतलंच पोरगं बघतंय असं काही नसतं, म्हणून निवडताना आजीला जवळ बसवा. टायमर पण आहे त्यात, वेळ संपली की अ‍ॅप स्वतःच बंद होतं आणि भांडण अ‍ॅपशी होतं, तुमच्याशी नाही.

साधं यूट्यूब वापरत असतील तर सेटिंगमधलं रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा, ऑटोप्ले बंद करा, आणि हिस्टरी कधीतरी बघत जा. रिस्ट्रिक्टेड मोड प्रत्येक मशीनवर वेगळं चालू करावं लागतं. फोनवर केलं म्हणजे टीव्हीवर झालं असं नाही, आणि नेमकं इथंच सगळं निसटतं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकलेला असतो, पोरं सकाळी दहापासून कूलरसमोर टीव्ही लावून बसतात, आणि टीव्हीवर बाबांचं अकाउंट चालू असतं, म्हणजे बाबा रात्री जे बघतात त्याच्याच आसपासचं सकाळी पोरांना पुढं येतं. टीव्हीवर मुलांचं वेगळं प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या अकाउंटला पिन लावा.

फिल्टर

हे थोडं टेक्निकल वाटेल पण दोन मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, ती बदलली की नको त्या साइटचा पत्ताच मिळत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा, होस्टनेमचा पर्याय निवडा आणि तिथं इंग्रजीत टाका : फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम, सगळं स्मॉल लेटरमध्ये, क्लाउडफ्लेअर आणि डीएनएसच्या मध्ये छोटी आडवी रेघ, बाकी कुठं स्पेस नाही. यानं अश्लील साइट आणि व्हायरसवाल्या साइट बऱ्याच उघडतच नाहीत, वायफायवर पण आणि मोबाइल डेटावर पण.

घरात फायबर असेल तर राउटरमध्येही टाकता येतं, डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि दुसऱ्यात १.०.०.३. राउटरचं पान उघडायचा पत्ता आणि पासवर्ड त्याच्या पाठीच्या स्टिकरवर असतो. वायफाय बसवायला आलेला माणूस तो पासवर्ड तसाच ठेवून गेलेला असतो, तो बदला, नाहीतर तुम्ही लावलेलं फिल्टर आठवीतलं पोरगं संध्याकाळी काढून टाकेल. शेजाऱ्यांमध्ये मिळून एकच वायफाय असेल तर राउटरच्या नादी लागू नका, फोनवरचंच बरं.

फिल्टरला मर्यादा आहेत. यूट्यूब, इन्स्टा, टेलिग्रामच्या आतलं काही ते अडवत नाही, आणि व्हीपीएन अ‍ॅप (म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच वाटेनं फिरवणारं अ‍ॅप) टाकलं की त्याला बगल देता येते. म्हणून फोनमध्ये व्हीपीएन नावाचं काही दिसलं तर विचारा, ओरडू नका, विचारा.

स्वतःचा फोन द्यायची वेळ आली तर

घरातला जुना फोन असेल तर आधी फॅक्टरी रीसेट करा, आपल्या अकाउंटसकट देऊ नका. तेरा वर्षांच्या आतल्या मुलासाठी आपल्या फोनवर गुगल फॅमिली लिंक टाकून त्याचं गुगल अकाउंट आपणच काढायचं, आणि खरी जन्मतारीख टाकायची. मग त्याच्या फोनवर ते अकाउंट लॉगिन केलं की कुठलं अ‍ॅप टाकायचं त्याची परवानगी आपल्याकडं येते, रोजची वेळ ठरवता येते, रात्री फोन लॉक करता येतो. आयफोन असेल तर हेच सगळं स्क्रीन टाइम आणि फॅमिली शेअरिंगमध्ये आहे.

चोरून नजर ठेवणारी अ‍ॅप मिळतात, पोराचे मेसेज आपल्याला दिसतील म्हणून सांगतात. मी म्हणेन नको. एक तर पोराचा सगळा डेटा कुठल्या कंपनीकडं चाललाय ते कळत नाही, आणि ज्या दिवशी पोराला समजेल त्या दिवसापासनं ते तुम्हाला काहीच सांगणार नाही. जे काय लावायचं ते त्याच्यासमोर बसून लावा.

जन्मतारखेवरनं आठवलं. इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पूर्ण लागतात, आणि आपली पोरं काय करतात, थेट दोन हजार साल टाकून मोकळी होतात. मग इन्स्टा त्यांना मोठंच समजतं. २०२५ पासून भारतात इन्स्टाचं टीन अकाउंट आलंय, अठराच्या आतल्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद, आणि सोळाच्या आतल्यांना यात ढील हवी असेल तर पालकांची परवानगी लागते. पण हे सगळं जन्मतारीख खरी असली तरच. तेव्हा अकाउंट्स सेंटरमध्ये पर्सनल डिटेल्समध्ये जाऊन तारीख बघा आणि दुरुस्त करा. तेरा पूर्ण नसेल तर अकाउंट जाईल, जाऊ दे. स्नॅपचॅट असेल तर मॅपमध्ये घोस्ट मोड (आपलं ठिकाण लपवणारं सेटिंग) चालू आहे ना ते बघा, लोकेशन सगळ्या मित्रांना शेअर केलेलं असेल तर पोरगी आत्ता क्लासला आहे का घरी आहे ते लिस्टमधल्या सगळ्यांना दिसतं.

गेम

गेम म्हणजे खेळ कमी आणि गप्पांचा कट्टा जास्त. ‘काय करालास बे, ये की लवकर’ म्हणणारा पोरगा शेजारच्या गल्लीतला असू शकतो आणि चाळीस वर्षांचा कुणी दुसऱ्या राज्यात बसलेला पण असू शकतो. जुनं फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारनं बंद केलं, आता पोरं फ्री फायर मॅक्स खेळतात, कुणी बीजीएमआय, छोटी पोरं रोब्लॉक्स. प्रत्येकात व्हॉइस आणि चॅट बंद करता येतं, किंवा फक्त मित्रांपुरतं ठेवता येतं. एक दिवस हेडफोन काढून स्पीकरवर खेळायला सांगा आणि शेजारी शेंगा सोलत बसा. दहा मिनिटांत कळतं कोण कोण आहे आणि काय बोलतंय.

पैसे लावून खेळायची रमी, लुडो वगैरे तर घरातल्या मोठ्यांनी पण काढून टाका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं त्याविरुद्ध कायदाच केलाय, त्यामुळं आता कुणी लिंक पाठवून ‘खेळा आणि कमवा’ म्हणत असेल तर तो फसवायलाच बसलाय.

फसवणारा माणूस कसा वागतो हे पोराला सांगा

‘अनोळखी लोकांशी बोलू नको’ याचा उपयोग होत नाही, कारण दोन आठवडे रोज सोबत खेळलेला माणूस पोराला अनोळखी वाटतच नाही. त्यापेक्षा पायऱ्या सांगा. आधी कौतुक करतो नाहीतर डायमंड, स्किन फुकट देतो. मग म्हणतो इथं नको, व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीतर टेलिग्रामवर बोलू. मग म्हणतो घरी सांगू नको हं. मग फोटो मागतो, सुरुवातीला साधा. नंतर तसला. आणि मग धमकी, पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवतो. मुलींनाच होतं असं नाही, मुलांना पण होतं, आणि मुलं तर जास्तच गप्प बसतात. ‘घरी सांगू नको’ हे वाक्य आलं की तिथंच खेळ थांबवून आमच्याकडं यायचं, एवढा एक नियम पाठ करून घ्या.

आणि आपण आपलं पण बघूया जरा. पोराच्या वाढदिवसाला चौकात बॅनर, त्यावर फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख. स्टेटसला शाळेच्या ड्रेसमधला फोटो, ओळखपत्रासकट. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलेला असताना तिथल्या तिथं लाइव्ह. अनोळखी माणसाला विश्वास मिळवायला जी माहिती लागते ती आपणच देतोय की. फोटो घरी आल्यावर टाका, शाळेचं नाव झाका, स्टेटस सगळ्या कॉन्टॅक्टना दाखवायची गरज नाही.

घरातले नियम थोडेच ठेवा पण मोठ्यांना पण लागू. फोन घेऊन गच्चीवर आणि बाथरूममध्ये जायचं नाही, जेवताना नाही, रात्री सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. पोरं मे महिन्यात मामाकडं जातात तेव्हा मामाच्या फोनवर यातलं काहीच नसतं, जायच्या आधी मामीला फोन करा.

काही झालंच तर

पोरगं येऊन सांगतं तेव्हा आपलं पहिलं वाक्य काय असतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ‘तुला सांगितलं होतं ना’ म्हटलं की संपलं. ‘बरं झालं सांगितलंस, तुझ्यावर चिडलो नाही, आता मिळून बघू’ हे म्हणा, आतनं कितीही संताप आला असला तरी. आणि शिक्षा म्हणून फोन काढून घेऊ नका, कारण फोन जाईल या भीतीनंच पोरं गप्प राहतात आणि धमकी देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन, त्याच तासात, उद्या नाही. ट्रान्झॅक्शनचा नंबर, रक्कम, वेळ हाताशी ठेवा आणि बँकेलाही कळवा. फोटोवरनं धमकी असेल तर पैसे देऊ नका, एकदा दिले की परत मागणारच. समोरच्याला ब्लॉक करायच्या आधी त्याचं यूजरनेम, प्रोफाइलची लिंक, नंबर, यूपीआय आयडी, धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट एवढं ठेवून घ्या. चॅट डिलीट करू नका.

आता हे नीट वाचा. पोराचा तसला फोटो किंवा व्हिडिओ ‘पुरावा’ म्हणून भावाला, मास्तरांना, वकील मित्राला कुणालाही पाठवायचा नाही. अठराच्या आतल्या मुलाचं असलं चित्र पुढं पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, आणि असं साहित्य जवळ ठेवणंसुद्धा पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा कायदा) गुन्हा ठरू शकतं हे सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय. फोन आहे तसा पोलिसांकडं न्या. फोटो पसरायची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची फुकट सेवा आहे, त्यात फोटो अपलोड होत नाही, फोनमध्येच त्याचा एक कोड बनतो आणि तेवढाच पुढं जातो, त्यावरनं इन्स्टा, फेसबुकसारखे प्लॅटफॉर्म ते चित्र शोधून अडवतात.

तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर होते, मुलांच्या आणि महिलांच्या गुन्ह्यांसाठी तिथं वेगळा भाग आहे आणि नाव न देता पण तक्रार करता येते. पण गंभीर असेल तर स्वतः जा. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाची हद्द, मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, पंढरपूरकडचे असाल तर सोलापूर ग्रामीण. हद्दीवरनं कुणी परत पाठवत असेल तर झिरो एफआयआर म्हणा, जुलै २०२४ पासनं लागू झालेल्या नव्या कायद्यात ते लिहिलेलंच आहे, कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावं लागतं. मुलासाठी मदत हवी असेल, कुणाशी बोलायचंच कळत नसेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, दिवसरात्र चालू.

लोकांना भीती असते ती नावाची, गल्लीत कळेल म्हणून. पॉक्सोमध्ये मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा छापायला बंदी आहे. जबाब घरी येऊन घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यावा आणि त्या वेळी वर्दी घालू नये, असं कायद्यातच आहे, मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही, आणि जबाब देताना आई किंवा बाबा सोबत बसू शकतात. हे ठाण्यात सांगायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. शाळेत सांगायचं झालं तर थेट मुख्याध्यापकांना, वर्गाच्या पालक ग्रुपवर एक शब्द नाही.